आज थेरपीला न्यायचं की घरी ठेवायचं?

"ताई, पोऱ्यानं आंग तपी ऱ्हायनं. लई येऊ का?" (ताई, पोराचं अंग तापलंय. घेऊन येऊ का?)

धुळ्यात किंवा जळगावात मुलांना थेरपी देणाऱ्या कुणालाही हा फोन नवा नाही. फोन करणारी आई बहुधा घराबाहेर पडलेली असते. शिरपूरच्या किंवा रावेरच्या बसस्टँडवर मूल कडेवर घेऊन ती उभी असते. शिरपूर ते धुळे पन्नास किलोमीटरच्या आसपास, रावेर ते जळगाव त्याहून लांब. कापूस वेचणीचे दिवस असले तर तिने आजची मजुरी सोडलेली असते, घरच्यांची समजूत घातलेली असते. आज गेलं नाही तर पुढचा नंबर कधी लागेल, ही धास्ती वेगळीच. म्हणून मुलाला तापाचं औषध पाजून ती निघते आणि वाटेत फोन करते.

तिच्या प्रश्नाला सगळ्या मुलांसाठी एकच उत्तर नाही. पण उत्तर काढायची रीत सोपी आहे आणि ती आई-वडिलांना, आजीला, अंगणवाडीताईंना घरच्या घरी वापरता येते. या प्रकरणात ती रीत एकेक पायरीने पाहू.

१. थेरपीच्या खोलीत काय चालतं?

थेरपी म्हणजे सरावातून, खेळातून मुलाच्या शरीराला आणि मेंदूला नवी कौशल्यं शिकवणं. फिजिओथेरपीत मान धरणं, बसणं, उभं राहणं, चालणं यांवर काम होतं. ऑक्युपेशनल थेरपीत हाताने जेवणं, बटण लावणं, गोंगाट किंवा स्पर्श सहन करणं अशी रोजच्या जगण्यातली कामं येतात. स्पीच थेरपीत बोलणं आणि समजणं येतंच, शिवाय नीट चावणं आणि गिळणंही येतं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता, जन्मजात बहिरेपणा, वेळेआधी जन्म, उशिरा येणारं बोलणं अशा कितीतरी कारणांनी मुलं इथे येतात.

सरकारी व्यवस्थेत या वाटेची सुरुवात अनेकदा अंगणवाडीतून होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, पोषणाच्या उणिवा आणि वाढीतले अडथळे लवकर शोधायचे आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या 'शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'त पाठवायचं, अशी ती योजना आहे. याशिवाय धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, खासगी दवाखाने आणि विशेष शाळा आहेतच.

आता खोलीत डोकावू. जमिनीवर रेक्झिनची चटई. बाजूला मोठा रबरी चेंडू. त्यावर मुलाला पालथं झोपवून पुढे-मागे झुलवतात, तेव्हा त्याची लाळ चेंडूवर टपकते आणि थेरपिस्ट ताई ती पुसून पुढच्या मुलाला घेतात. फळीच्या भोकांत बसवायच्या रंगीत खुंट्या एका मुलाच्या तोंडात जाऊन दुसऱ्याच्या मुठीत येतात. स्पीच थेरपीत ताई आणि मूल एकाच आरशासमोर, तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळ बसतात. साबणाचे फुगे फुंकायचे, शिट्टी वाजवायची, 'प' आणि 'फ' जोरात म्हणायचे. फुंकर घातली की तोंडातले बारीक थेंब हवेत उडणारच. शाळेच्या वर्गात मुलं बाकावर शेजारी बसतात. इथला संपर्क त्याहून कितीतरी जवळचा असतो.

बाहेरच्या बाकावर पाळीची वाट बघत कोण बसलेलं असतं, तेही बघा. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि छातीचा संसर्ग त्यांना जड जातो. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा; त्याला जोर लावून खोकता येत नाही, त्यामुळे कफ छातीतच साठतो. विशिष्ट झटक्यांसाठी किंवा स्नायूंच्या आजारासाठी स्टेरॉइड चालू असलेलं बाळ. त्याची प्रतिकारशक्ती औषधानेच कमी झालेली असते. तुमच्या मुलाची दोन दिवसांत बरी होणारी सर्दी या बाकावरच्या एखाद्या मुलाला दवाखान्यात भरती करायला लावू शकते. सगळा विचार इथून सुरू करायला हवा.

२. दोन प्रश्न

निघण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. माझं मूल आज काम करू शकेल का? आणि त्याच्यामुळे दुसऱ्या मुलाला काही होईल का?

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत केली की निर्णय चुकतो. पावसाळ्यात डेंग्यू झालेलं मूल चटईवर शेजारी बसलं म्हणून दुसऱ्याला डेंग्यू होत नाही. तो डासामुळे पसरतो. पण त्या मुलाचं अंग मोडून आलेलं असतं, त्याला विश्रांती आणि पाणी हवं असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून ते घरी राहील. याउलट डोळे आलेलं मूल उड्या मारत असतं, थेरपी छान करेल. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' येतं, म्हणून तेही घरी राहील. उवा झालेली मुलगी? तिला काही होत नाही आणि उवांनी कुणी आजारी पडत नाही. त्याच दिवशी औषध लावा, केस बांधा, डोक्याला डोकं लागू देऊ नका आणि घेऊन या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आईला बहुतेक वेळा न मोजता कळतं. मूल नेहमीसारखं खेळतंय का, खातंय का, हाकेला बघतंय का? ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत खुणा वाचाव्या लागतात. स्वमग्न मूल अचानक कानावर हात मारू लागलं, डोकं आपटू लागलं, तर 'आज फार चिडलंय' म्हणण्याआधी कान दुखतोय का हे डॉक्टरांना बघायला सांगा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे हातपाय एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त ताठर झाले, तर त्यामागे दुखणं, बद्धकोष्ठता किंवा ताप असू शकतो. अशा दिवशी स्नायू ताणण्याचे व्यायाम दिले तर मुलाला वेदनाच होतात, आणि ते त्या खोलीलाच घाबरू लागतं. ही भीती घालवायला पुढे कित्येक आठवडे लागतात.

३. ताप

सगळ्यात जास्त गोंधळ तापाबद्दल होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

शरीराचं तापमान १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला ताप म्हणतात. काखेत मोजलेला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो, म्हणून काखेत ९९.५ किंवा अधिक दिसलं तर ताप धरून चाला. हाताच्या पंजाने कपाळ बघून अंदाज येतो, पण निर्णय घेता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घरात असावाच.

खान्देशातला उन्हाळा इथे वेगळी अडचण करतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरात जातो. तशा दुपारी एसटीतून उतरलेल्या मुलाचं अंग तापलेलंच लागतं. त्याला सावलीत, पंख्याखाली वीसेक मिनिटं बसवा, पाणी पाजा, कपडे सैल करा आणि मग मोजा. आकडा उतरला आणि मूल टवटवीत झालं तर ती प्रवासातली उन्हाची उष्णता होती. अंग तसंच भाजतंय, मूल गळून गेलंय किंवा असंबद्ध वागतंय, तर ती उष्माघाताची शंका आहे. अशा वेळी थेरपी, नंबर सगळं विसरून थेट रुग्णालय गाठा.

आता पॅरासिटामॉलबद्दल. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारला की ते खाली बसतं, पण चूल पेटलेलीच असते. तापाचं औषध तसंच काम करतं. चार ते सहा तास आकडा खाली राहतो, मुलाला बरं वाटतं, आणि ते गरजेचंही आहे. पण आतला संसर्ग तेवढाच असतो आणि मूल तेवढाच आजार पसरवू शकतं. म्हणून नियम असा: औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसावा, मगच केंद्रात न्यावं.

उदाहरण घेऊ. गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळालेली आहे. बुधवारी सकाळी आठला मुलाला १०१ ताप होता, औषध दिलं. दुपारी दोनला पुन्हा १००.६, पुन्हा औषध. रात्री नऊला ९८.६. गुरुवारी सकाळी सातला ९८.४, मूल हसतंय. न्यायचं का? शेवटचं औषध बुधवारी दुपारी दोनचं, त्याचा असर रात्री आठपर्यंत धरला. औषधाविना तापमुक्त वेळ बुधवारी रात्री आठला सुरू झाली. चोवीस तास गुरुवारी रात्री आठला पूर्ण होतात. म्हणजे गुरुवार नाही, शुक्रवार चालेल. हे गणित कागदावर मांडलं की घरात वाद होत नाहीत.

औषधाच्या बाटलीबाबत एक सावधगिरी. पॅरासिटामॉलची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. एका बाटलीतला चमचा दुसरीतल्या दोन चमच्यांएवढा असू शकतो. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. त्यामुळे 'मागच्या वेळी एक चमचा दिला होता' हा आधार पुरेसा नाही. बाटली बदलली तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

'दात येताहेत म्हणून ताप आहे' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. दात येताना हिरड्या दुखतात, लाळ गळते, मूल किरकिर करतं. पण खरा ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत. त्याचं कारण दुसरं असतं आणि ते शोधायला हवं. लस घेतल्यावर येणारा ताप मात्र खरोखर लसीचाच असू शकतो. तो पसरत नाही, बहुधा एक-दोन दिवसांत जातो. तरी तेवढे दिवस मुलाला आराम द्या.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट बघू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.

४. सर्दी-खोकला: प्रत्येक शिंकेला सुट्टी नको

आता दुसरी बाजू. नियम कडक केले की सगळं सुरक्षित होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं सर्वसामान्य आहे आणि प्रत्येक सर्दीचा खोकला दहा-पंधरा दिवस रेंगाळतो. नाक पूर्ण कोरडं होईपर्यंत घरी ठेवायचं ठरवलं, तर सात सर्दी गुणिले दहा दिवस, म्हणजे सत्तर दिवस. आठवड्यातून एकदा थेरपी असेल तर वर्षात दहा वेळा बुडाली. ज्या वयात मेंदू सगळ्यात वेगाने शिकतो त्या वयात हे परवडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ताप नसेल, मूल खेळत-खात असेल, श्वास सहज चालत असेल आणि सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस उलटून गेले असतील, तर न्या. पहिले दिवस टाळायचे, कारण तेव्हा विषाणू सर्वाधिक पसरतो. केंद्रात पोचल्यावर हात साबणाने धुवा, रुमाल स्वतःचा न्या, आणि ताईंना आधी सांगा म्हणजे त्या फुंकण्याचे खेळ त्या दिवशी वगळतील.

काही मुलांचं नाक ऍलर्जीने बारा महिने वाहतं. काहींना अन्न घशाशी येण्यामुळे कायम खोकला असतो. काहींची लाळ सतत गळते. हे त्यांचं 'नेहमीचं' आहे आणि त्यासाठी त्यांना परत पाठवणं अन्याय आहे. विचारायचं ते एवढंच की आज नेहमीपेक्षा काय बदललं. कफ घट्ट झाला, रात्रभर झोप नाही, श्वासाला घरघर आली, तर आजचा दिवस थांबा.

श्वास मोजायला आईला शिकवणं फार उपयोगाचं आहे. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा; पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनियाचा इशारा असू शकतो. बरगड्यांखालचा भाग श्वासासोबत आत ओढला जात असेल तर एवढंही मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

थेरपीला जाता यावं म्हणून खोकल्याचं सिरप पाजण्याचा मोह टाळा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ती सहसा लागत नाहीत. लहानग्यांचा साधा खोकला वेळेनेच बरा होतो.

५. उलटी आणि जुलाब

इथे सूट नाही. उलटी किंवा जुलाब थांबून पूर्ण चोवीस तास झाल्याशिवाय केंद्रात नेऊ नका. अठ्ठेचाळीस तास थांबता आलं तर उत्तम. चटईवर रांगणारी, सगळं तोंडात घालणारी मुलं जिथे आहेत तिथे पोटाचा संसर्ग फार लवकर पसरतो. हात चोळायच्या सॅनिटायझरने पोटाचे काही विषाणू नीट मरत नाहीत. साबण आणि पाणीच हवं.

घरी ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा, अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात असं अंदाजाने करू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याने झिंक रोज २० मिलिग्रॅम असं १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं असतं. ज्या मुलाला झटक्यांचं औषध चालू आहे त्याने औषध घेतल्यावर लगेच उलटी केली, तर पुन्हा मात्रा द्यायची का हे डॉक्टरांना त्याच वेळी फोनवर विचारा. एक मात्रा चुकली आणि त्यात ताप असला, तर झटका येण्याची शक्यता वाढते.

६. पुरळ, डोळे, गालगुंड

कांजण्यांच्या मुलाला घरात वेगळं ठेवायची, कडुलिंबाचा पाला टांगून दारातूनच लोकांना सावध करायची आपली जुनी रीत इथे कामाची आहे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल संसर्ग देऊ शकतं. साधारण पाच ते सात दिवस. शेवटचा ओला फोड सुकला की मूल मोकळं. तुमच्या मुलाला कांजण्या निघाल्या आणि आदल्या दिवशी ते केंद्रात येऊन गेलं असेल, तर त्यांना फोन करून सांगणं ही मोठी मदत आहे. स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला कांजण्या जिवावर बेतू शकतात, आणि संपर्क झाल्याचं लगेच कळलं तर डॉक्टर वेळेत उपाय करू शकतात. संकोचाने ही बातमी लपवू नका.

गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत पसरतो. त्याचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा मालेगावातही मुलं आजारी पडली. मालेगाव धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी अशा गोवर-रुबेलाच्या दोन लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. 'आमचं मूल आधीच नाजूक आहे' म्हणून लस टाळणारे पालक असतात. नाजूक मुलालाच तिची जास्त गरज आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती. डोळ्यांतून पाणी आणि चिकट स्राव येणं थांबेपर्यंत थांबा, कारण खेळणी सगळ्यांच्या हातांतून फिरतात. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत, आणि तोंडातल्या जखमांमुळे लाळ गळायची थांबेपर्यंत. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं. दुसऱ्या दिवसापासून मूल येऊ शकतं. डांग्या खोकल्यात डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण व्हावे लागतात.

सोबत येणाऱ्यांनाही हेच नियम. आईला ताप असेल तर बाबांनी किंवा मावशीने आणावं. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आजारी भावंडाला बरोबर आणलं, तर मुलाला घरी ठेवण्याला अर्थ उरत नाही.

७. जिथे नियम उलटा लागतो

काही भेटी आजारपणातही टाळायच्या नसतात. वाकड्या पावलांसाठी पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लॅस्टर बदलतात. बाळाला ताप आहे म्हणून तीन आठवडे कुणाला न कळवता घरी बसलात, तर मिळवलेला फरक जातो. फोन करून दोन-चार दिवस पुढची वेळ घ्या. प्लॅस्टरमधली बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली, तर ताप असो-नसो त्याच दिवशी न्या.

छातीतला कफ मोकळा करायची फिजिओथेरपी आजारी मुलालाच लागते. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि शक्यतो रुग्णालयातच, इतर मुलांपासून दूर करायची.

याउलट दोन भेटी अशा आहेत की साध्या सर्दीतही पुढे ढकललेल्या बऱ्या. पहिली ऐकण्याची तपासणी. सर्दीत कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो आणि मुलाला तात्पुरतं कमी ऐकू येतं. तपासणीत आलेला आकडा मुलाचा खरा आकडा नसतो. त्यावरून श्रवणयंत्राचा निर्णय झाला किंवा घरचे घाबरून गेले, तर महिन्यांचा घोळ होतो. दुसरी भेट गिळण्याच्या थेरपीची. खोकणाऱ्या, दम लागलेल्या मुलाला भरवायचा सराव दिला तर घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

८. एक दिवस बुडला तर किती बुडालं?

आईच्या मनातली खरी भीती ही आहे, म्हणून तिचा हिशोब करू. मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास, म्हणजे ५,०४० मिनिटं. थेरपीची ४५ मिनिटं म्हणजे त्यातला शंभरावा भागही नाही. थेरपी उपयोगी पडते ती त्या ४५ मिनिटांत आईला जे शिकवलं जातं ते उरलेल्या वेळात घरी होत राहतं म्हणून. एका आजारपणाची एक भेट गेली तर त्याने मूल मागे पडत नाही. ताईंना न कळवता महिना-दोन महिने गेलं नाही, की मात्र पडतं.

आजारपणात घरी व्यायामाचा हट्ट नको. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची दर दोन तासांनी कूस बदला, भरवताना पाठ सरळ ठेवा, झोपवून पाजू नका. पायाला आधारासाठी लावायची पट्टी, त्वचा लाल किंवा सुजलेली नसेल तर थोडा वेळ चालेल. बोलण्यासाठी चित्रं वापरणाऱ्या मुलाच्या हाताशी 'दुखतंय', 'पाणी', 'नको' ही चित्रं ठेवा. आजारपणात ती इतर दिवसांपेक्षा जास्त लागतात. ताप गेला की एकदम पूर्ण वेळ न करता पहिल्या दिवशी अर्धाच सराव पुरे.

९. केंद्र चालवणाऱ्यांना

आजारी मूल खोलीत येतं त्याचा दोष आईवर टाकून चालणार नाही. ऐनवेळी रद्द केलं म्हणून पैसे कापले जात असतील, नंबर महिनाभर मागे जात असेल, तर ती औषध पाजूनच निघणार. नियम पाळणं तिला परवडेल असं तुम्ही केलंत तर ती नक्की पाळेल. आजारामुळे सकाळी फोन आला तर पैसे कापू नका आणि त्याच किंवा पुढच्या आठवड्यात जागा द्या. व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं आईशी बोला. सातपुड्याच्या पाड्यावर व्हिडिओ चालत नसेल तर साधा फोन पुरतो.

साठ किलोमीटरवरून ताप घेऊन कुणी आलंच, तर दारातून परत पाठवू नका. व्हरांड्यात वेगळं बसवा, त्याच आवारात डॉक्टरांना दाखवा, आणि आईला आठवडाभराचा घरचा सराव समजावून द्या. तिची फेरी वाया जात नाही आणि आतल्या मुलांना धोकाही होत नाही. चेंडू, चटई, खुंट्या प्रत्येक मुलानंतर धुवा किंवा पुसा. तोंडात गेलेलं खेळणं वेगळ्या टोपलीत टाका. थेरपिस्टला ताप आला तर तिनेही घरी राहावं, आणि तिची त्या दिवसाची रोजी कापली जाऊ नये.

पालकांनो, ताईंचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा, आणि फोन घरातून निघण्याआधी करा, बसमध्ये बसल्यावर नको. केंद्रचालकांनो, सकाळी आठ वाजता तो फोन उचलायला कुणीतरी ठेवा.